चिंचोळीतला पहिला मासा

काळाखडक वस्ती
२ एप्रिल १९७४

प्रिय दादा,

बर्फावर उतरणारं टपालाचं विमान आता फार तर दोनदाच येईल. मग बर्फ सुटेपर्यंत महिनाभर इकडचं तिकडे काही जाणार नाही, म्हणून हे घाईने लिहिते आहे. तू जानेवारीत लाकूडतोडीच्या छावणीवर गेलास, त्यानंतर तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींत मिळून अकरा ओळी होत्या. मी मोजल्या. छावणीत तीन वेळ मांस मिळतं म्हणे. इथे काय चाललं आहे ते ऐक.

आपला एल्रॉय बर्फातून खाली गेला त्याला चार महिने झाले. आपला माणूस ज्या पाण्यात आहे त्या पाण्यातला मासा त्याला वर काढेपर्यंत कोणी खायचा नाही, हे सगळी वस्ती पाळते आहे. पूर्वखाडीत एकानेही जाळं टाकलेलं नाही. सगळे तळं अरुंद होतं तिथे, चिंचोळीत, बर्फ फोडून गळ टाकतात. पण आईने त्याहून कडक धरलं आहे. एल्रॉय सापडत नाही तोवर कुठल्याच पाण्यातला मासा नको म्हणते. जन्मभर माशावर वाढलेली बाई चहा आणि बॅनक रोटीवर जगते आहे. तिचा निळा झगा आता तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. विमानाने नर्सबाई आल्या होत्या, गोळ्या देऊन गेल्या. त्या सगळ्या उशीखाली आहेत. मार्सेलीन मावशी तिच्याशी भांडून थकली.

परवा मावशीनेच मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तुझ्या आईला एकच मासा नाकारता येणार नाही."

"कुठला?"

"तुझा. तू अजून एकही धरलेला नाहीस ना? पोराचा पहिला मासा घरच्या म्हाताऱ्यांनी खायचाच असतो. नाही खाल्ला तर त्या पोराच्या हाताला जन्मभर यश नाही. स्वतःच्या लेकीचं वाटोळं करेल का ती?"

दादा, खरंच माझा पहिला मासा राहिलाच. तुझ्या पहिल्या माशाची मेजवानी मला आठवते. एल्रॉयचीही आठवते, तो आठ वर्षांचा होता आणि ताटात हात घालायचा म्हणून बाबांनी त्याला दाराबाहेर बसवलं होतं. माझ्या वेळेला मला लांबच्या शाळेत नेलेलं होतं, आणि परत आले तेव्हा घरात मासे आणायला तुम्ही तिघं होतात. आता सव्विसाव्या वर्षी मला ओगा मासा धरायला शिकायचं आहे. बाबा नाहीत, एल्रॉय नाही, तू तिकडे. तेव्हा पत्रातून शिकव. अकरा ओळींत भागणार नाही.

तुझी
डेलिमा


छावणी क्रमांक ९
११ एप्रिल १९७४

प्रिय डेलिमा,

तू ओगा धरणार? गळाला लावायची मासोळी हातात दिली की तुला रडू यायचं. एल्रॉय तुझी नक्कल करायचा.

असो. नीट वाच. बर्फ सुटल्यावर लगेच जाऊ नकोस. ओगा तेव्हा अंडी टाकत असतो आणि नंतरचे आठ-दहा दिवस त्याचं खाण्याकडे लक्ष नसतं. पॉप्लरची पानं उंदराच्या कानाएवढी झाली की निघायचं. दुपारच्या उन्हात त्याच्या डोळ्यांना त्रास होतो, तो खोल जाऊन बसतो. ऊन कलल्यावर, पाण्यावर थोडी लहर असली की जा. शिशाचं डोकं असलेला गळ घे, बाबांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. मासोळी ओठातून टोच. शिसं तळाला टेकलं की दोरा ढिला पडतो. मग एक वीत वर घे आणि थांब. परत टेकव, परत वीतभर वर. कंटाळा आला तरी हेच करायचं.

तो हिसका देत नाही. दोऱ्याला कोणीतरी ओलं फडकं अडकवल्यासारखं वाटेल. तेव्हा मनात तीन मोज आणि काठी उचल. तोंडात बोट घालू नकोस, दात आहेत. पाठीचा काटेरी पर आधी मागे दाबून मग धर.

कुठे जायचं तेही सांगतो. धबधब्याच्या वर, वरच्या नदीत. होडी खांद्यावर घेऊन अर्धा तास चढायला लागतं, पण तिथे ओगा चिकार आहे. चिंचोळीत जाऊ नकोस. तिथे पाण्याला ओढ फार, आपली होडी गळते, आणि सगळे पुरुष तुझी चेष्टा करतील.

एल्रॉयचं काही कळलं तर कळव. बर्फ सुटलं की पूर्वखाडीच्या उत्तरेला खडकांपाशी बघा म्हणावं. आईला सांभाळ.

आल्फोन्स


काळाखडक वस्ती
१४ मे १९७४

प्रिय दादा,

आज पाण्यावर उतरणारं पहिलं विमान आलं. तुझं पत्र बर्फाच्या शेवटच्या विमानाने मिळालं होतं, तेव्हापासून इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. आईलाही वाचून दाखवलं. चिंचोळीचं ऐकल्यावर तिने लगेच मान हलवली. "आल्फोन्स नको म्हणतोय ना, मग नाही जायचं." तू घरात नसलास तरी घरात तुझंच चालतं.

पाच तारखेला बर्फ सुटलं. सहा तारखेपासून पूर्वखाडीत बारा होड्या. तू सांगितलंस तसं उत्तरेच्या खडकांपाशी आकडे टाकून तळ खरवडला. एक जुनं जाळं, एक स्टोव्ह आणि कोणाची तरी स्लेज निघाली. आई रोज किनाऱ्यावर जाऊन बसते. पाण्याला मान म्हणून चिमूटभर तंबाखू सोडते आणि होड्या परत येईपर्यंत उठत नाही. संध्याकाळी होड्यांबरोबर परतलेले जोसाया काका तिच्यासमोरून टोपी काढून जातात. तिला तेवढ्यावरून कळतं.

आता माझा पराक्रम. वरच्या नदीवर मी चार वेळा गेले. होडीने खांद्याची सालं निघाली. पहिल्या दिवशी गळाला माझी स्वतःची बाही लागली, दुसऱ्या दिवशी झाड. जोसाया काका म्हणाले, "वा, झाड चांगलं साडेतीन मणाचं दिसतंय. याची मेजवानी कधी?" पानं अजून उंदराच्या कानाएवढी झालेली नाहीत हे मला माहीत आहे. पण आई जिना चढताना दोनदा बसते, दादा. पानांची वाट किती बघायची?

काका म्हणतात वरच्या नदीत त्यांनी उभ्या जन्मात ओगा धरलेला नाही. मी त्यांना म्हटलं, दादाला जास्त कळतं. ते हसले. मग म्हणाले, चिंचोळीच्या खालच्या अंगाला ओंडके बुडालेत, तिथे सावलीला ओगा बसतो, तुझ्या बाबांची आवडती जागा. मला आता थोडं कळायला लागलं आहे. ती जागा तुम्हा पुरुषांची, बहिणीने तिथे जाऊन पाणी खराब करू नये, असंच ना? राग नाही आला. थोडासा आला.

डेलिमा


छावणी क्रमांक ९
२१ मे १९७४

डेलिमा,

चिंचोळीत जाऊ नकोस. पुरुष-बायकांचा प्रश्न नाही. जोसाया काकांचं ऐकू नकोस. सोबत डब्यातलं मांस पाठवतो आहे, मोठे बारा डबे, ते आईला दे. मासाच पाहिजे असं काही नाही.

वरच्या नदीत थांबून बघ. मी सांगतो म्हणून.

आल्फोन्स


काळाखडक वस्ती
२९ मे १९७४

प्रिय दादा,

तुझं पत्र आणि डबे परवा सोमवारी आले. मी चिंचोळीत गेले त्या आधीच्या शुक्रवारी. तेव्हा तुझी ही दुसरी आज्ञा मोडली असं मी मानत नाही, ती विमानात होती.

मी मासा धरला, दादा.

जोसाया काकांची होडी घेतली. ते पुढे बसले, पाठमोरे, म्हणजे मी चुकले तर त्यांना दिसू नये. ऊन कललं होतं, लहर होती, पानं अगदी उंदराच्या कानाएवढी. पाण्यात तंबाखू सोडली. त्या ओंडक्यांच्या कडेला शिसं टेकवलं, वीतभर वर घेतलं, टेकवलं, वर घेतलं. किती वेळ ते सांगता येत नाही. काका पेंगले. आणि मग तुझं ते ओलं फडकं आलं. मी मोजायचे ते तीन आकडे विसरले आणि काठी उचलली, तरी तो राहिला. त्याने ओढलं ते सरळ खाली, ओंडक्यांकडे. वर आला तेव्हा सोनेरी होता, आणि डोळे असे की आत कोणी दिवा धरला आहे. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरला. पाठीच्या पराने तळवा फाडला तो अजून दुखतो आहे, पण मी कोणाला बांधू दिला नाही. मी रडले. एल्रॉय असता तर त्याने हे तुला सांगून टाकलंच असतं, म्हणून मीच सांगते.

आईला मात्र वरच्या नदीतला म्हणून सांगितलं. तू नको म्हटलेलं तिच्या कानात होतं ना. काकांनी डोळा मारला आणि ते गप्प राहिले. एवढंसं खोटं चालायला हरकत नाही.

शनिवारी मेजवानी झाली. मावशीने रानतांदूळ शिजवला, मासा चरबीत तळला, डोक्याचा रस्सा केला. सगळ्यांत म्हातारी म्हणून आईचं ताट पहिलं. गालाचं मांस तिच्या ताटात. घर भरलं होतं आणि सगळे तिच्याकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. तिने ताटातल्या त्या तुकड्याला बोट लावून बघितलं. मग मला म्हणाली, "तुझा आहे ना?" मी हो म्हटलं. तिने खाल्लं. सगळं खाल्लं, दादा, काटे चोखून खाल्ले. म्हणाली, "गोड आहे." रस्सा दोनदा घेतला. जोसाया काका भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते आणि धूर लागला म्हणत होते.

धरणाऱ्याने पहिल्या माशातला घास घ्यायचा नसतो, त्यामुळे त्या मेजवानीत उपाशी मी एकटीच. इतकं चांगलं उपाशी मी कधी राहिले नव्हते.

तेव्हापासून ती खाते आहे. तुझ्या डब्यातलंही खाल्लं. काल जिना न बसता चढली. तू रागावू नकोस. तुझ्या शिकवण्यानेच तो मासा आला.

तुझी
डेलिमा


काळाखडक वस्ती
१४ जून १९७४

प्रिय दादा,

दोन विमानं आली आणि तुझं पत्र नाही. रागावला असशील तर तसं लिही, म्हणजे मला भांडता येईल.

पूर्वखाडी तिसऱ्यांदा खरवडून झाली. पाणी गरम झालं की माणूस वर येतो असं पोलीस म्हणाले होते. गरम झालं, कोणी आलं नाही. निम्म्या होड्या आता येत नाहीत, लोकांना आपापली कामं आहेत. आई अजून रोज तिथेच बसते. काल म्हणाली, "माझ्या पोराला मी नको असेन." मी तिच्याशेजारी बसून राहिले. 

तू त्या दिवशी त्याच्याबरोबर होतास. नीट आठवून बघ. भेग नक्की कुठे होती? आम्ही सगळं तुझ्या एका बोटावर शोधतो आहोत.

डेलिमा


छावणी क्रमांक ९
२२ जून १९७४

डेलिमा,

तुझं मेजवानीचं पत्र आलं तेव्हा मी ते बाहेर जाऊन वाचलं आणि तिथेच ओकलो. त्यानंतर पाच पत्रं लिहिली आणि जाळली. हे पाठवणार आहे.

एल्रॉय पूर्वखाडीत नाही. तो चिंचोळीत आहे.

नोव्हेंबरच्या त्या दिवशी आम्ही चिंचोळीच्या अलीकडे शेकोटीपाशी होतो. मी प्यायलो होतो, तो नव्हता. पलीकडच्या काठाला व्यापाऱ्याच्या झोपडीत बाटली होती. मी त्याला आणायला सांगितलं. तो म्हणाला, "जोसाया काकांनी अजून काठी टोचून बघितलेली नाही." काका टोचून बघत नाहीत तोवर चिंचोळीवर पाय ठेवायचा नाही, हे आपल्याला चालायला लागल्यापासून माहीत. मी म्हटलं, "बाई आहेस का? काकांचा पदर धरून बस." एवढंच म्हटलं. तो गेला. अर्ध्यावर पोचला, मागे वळून मला हात केला, मी बघ कसा चाललोय असा, आणि खाली गेला. मी पोटावर सरपटत गेलो. भोकात काळं पाणी पळत होतं आणि दुसरं काहीच नव्हतं. ओढ त्याला बर्फाखालून घेऊन गेली.

घरी आलो तेव्हा आई दारात होती. "एल्रॉय कुठे?" म्हणाली. चिंचोळी म्हटलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता, की तिथे कशाला गेला? खाडीत बर्फाला भेग पडते, तिथे कोणीही जाऊ शकतो, कोणाचा दोष नसतो. म्हणून मी हात पूर्वेकडे केला. रात्री बर्फ पडलं, पावलं बुजली. एकदा दाखवलेलं बोट मला परत वळवता आलं नाही. बारा होड्या तिकडे गेल्या तरी नाही. उत्तरेचे खडकही मीच सांगितले.

तू वरच्या नदीवर जावंस म्हणून मी जे सुचेल ते लिहिलं. तू ज्या ओंडक्यांपाशी गळ टाकलास, ओढ सगळं तिथेच नेऊन घालते. तो मासा आईने खाल्ला.

ओंडक्यांत बघा. पोलिसांनाही लिहिलं आहे. मी यावं की नाही ते तू सांग. तू म्हणशील तसं करीन.

आल्फोन्स


काळाखडक वस्ती
११ जुलै १९७४

दादा,

एल्रॉय सापडला. तुझं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, ओंडक्यांच्या खाली. जोसाया काकांच्या आकड्याला लागला. आईने मणी भरून दिलेले हातमोजे हातात होते, त्यावरून ओळखला. बाकीचं लिहीत नाही. काकांनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही, आपल्या कोटात गुंडाळून आणला. तेव्हापासून काका मासा खात नाहीत आणि माझ्याकडे बघत नाहीत. मीही त्यांच्याकडे बघत नाही.

वस्तीत हिवाळाभर सगळ्यांनी चिंचोळीतलंच खाल्लं आहे. बायका अंगणात येऊन ओकत होत्या. मार्सेलीन मावशीने घरातली सगळी वाळवलेली मासळी जाळली, दोन दिवस तो वास होता. कोणी तुझं नाव घेत नाही. दारावरून जाताना आवाज खाली करतात, तेवढंच.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ते तिला तुझ्या तोंडून कळायला हवं होतं, पण तू तर तिकडे. ती ऐकून घेऊन म्हणाली, "त्याने हात केला होता का? वळून?" मी पत्रात परत बघून हो म्हटलं.  मग म्हणाली, "आल्फोन्सला बोलाव. कबर त्याने खणायची. दुसऱ्या कोणाला फावडं लावू देणार नाही." तेव्हा तू ये. मला विचारशील तर मला तुझं तोंड बघायचं नाही. पण मला कोणी विचारलेलं नाही.

काही ओळी मात्र मी गाळल्या. माझ्या माशाच्या. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं. माझा हात धरून विचारलं, हा तळव्याचा वण अजून आहे त्यावर बोट ठेवून. "तुझा पहिला मासा वरच्या नदीतलाच ना, डेलिमा?"

मी हो म्हटलं.

म्हणाली, "बरं झालं. सगळ्या वस्तीला विटाळ लागला, माझ्या लेकीचा मासा तेवढा स्वच्छ." आणि ती जेवली. आता तू इतके महिने काय केलंस ते मला कळतं. ते मला कळायला नको होतं.

तुझं खोटं तू येऊन फेड. माझं मी कधीच सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. कबरीवर नाही, दारू प्यायल्यावर नाही, ती मरताना नाही.

पण अजून एक आहे. तू येईपर्यंत त्याला गिरजाघराच्या बर्फघरात ठेवला आहे. त्याच्या दफनाच्या जेवणाला आईला मासा हवा, तोही माझ्या हातचा. "त्याच जागेवर जा," म्हणते. "त्या वरच्या नदीवर. तुझ्या हाताला तिथे यश आहे." म्हणून मी रोज होडी खांद्यावर घेऊन धबधबा चढते. शिसं टेकवते, वीतभर वर घेते, थांबते. आज अकरावा दिवस. पहिल्यासारखीच एकही खेच नाही. संध्याकाळी आई खिडकीत असते. रिकामे हात बघून म्हणते, "उद्या लागेल."

येण्याआधी एका गोष्टीचं उत्तर लिही, आणि खरं लिही. तिथे ओगा चिकार आहे असं तू लिहिलं होतंस. तू तिथे कधी एक तरी धरलास का?

डेलिमा